रानगवताचं सोवळं

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं त्यातले निम्मे माझे नातेवाईक आणि उरलेले निम्मे ब्लॉगवरचे स्नेही आहेत, तेव्हा राग मानू नका. आणि मानलात तर प्रतिक्रियेत लिहा, मनात ठेवू नका.

तीन वाक्यं हल्ली मी सारखी वाचते आहे. पहिलं, "खपली हा मूळ जंगली गहू, माणसाचा हात न लागलेला." हे खपलीच्या पिठाच्या पिशवीबरोबर येतं. दुसरं, "शेती सुरू झाली तेव्हाच निसर्गाचा नाश सुरू झाला, त्याआधी रानात काय विविधता होती!" हे जाड इंग्रजी पुस्तकं वाचलेल्या तरुण मंडळींकडून येतं. तिसरं वाक्य समजूतदार, नोकरीतून निवृत्त झालेल्या पुरुषांचं आहे, "अहो, सगळं बियाणं बँकेत ठेवलंय. बांधावरचं गवत गेलं तर गेलं."

तिन्ही वाक्यं एकमेकांविरुद्ध वाटतात. पण तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. रान हे एक घर, शेत हे दुसरं घर, आणि दोघांच्या मधे भिंत. रानातलं ते सोवळं, शेतातलं ते ओवळं. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, वनस्पतिशास्त्र नाही. पण सोवळं-ओवळं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि ते जिथे नको तिथे घुसलं की ओळखूही येतं.

आधी खपली. खपलीला इंग्रजीत एमर म्हणतात. तिचा खरा जंगली पूर्वज आजही इस्राएल, जॉर्डन, सीरिया, लेबनॉन, तुर्कस्तान या पट्ट्यात डोंगरउतारांवर उगवतो. आरोन आरोनसोन नावाच्या माणसाला १९०६ साली गॅलिलीमधे रोश पिना या गावाजवळ तो सापडला. या रानगव्हाची खूण काय? ओंबी पिकली की दांड्याचे आपोआप तुकडे पडतात आणि एकेक तुकडा दाण्यांसकट जमिनीवर गळतो. त्याला लांब कुसळं असतात. दिवसा हवा कोरडी झाली की ती एका बाजूला वाकतात, रात्री दमट झाली की सरळ होतात, आणि असं हलत हलत दाणा मातीत ढकलतात. म्हणजे हे गवत स्वतःच स्वतःची पेरणी करतं. त्याला कुणाची गरज नाही.

आता खपलीची ओंबी घ्या. शेतात ती वाळून कडक झाली तरी गळत नाही, विळ्याची वाट बघत उभी राहते. मळणीत दांडा मोडतो, दाणा मात्र टरफलात घट्ट राहतो, म्हणून तर ती कांडावी लागते. आपोआप न गळणारी ओंबी रानात टिकत नाही, कारण तिचं बी जमिनीत जातच नाही. तिला पेरायला माणूसच लागतो. तेव्हा खपलीला माणसाचा हात लागलेला नाही असं म्हणणं म्हणजे दारातल्या गाईला माणसाचा हात लागलेला नाही असं म्हणण्यासारखं आहे. खपलीची खीर जरूर करा, मीही करते. पण ती हजारो वर्षं शेतकऱ्याच्या हाताखाली घडली आहे आणि त्यात तिचा कमीपणा काही नाही. तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटाच्या संशोधकांनी गव्हाच्या बारा वाणांचा जो संच गेल्या शतकात वापरला, त्यात 'खपली' याच नावाने आपला वाण होता. हा मान तिला जंगली म्हणून मिळाला नाही, शेतकऱ्यांनी जपलेला वाण म्हणून मिळाला.

आता दुसरं वाक्य, शेतीआधीच्या अस्पर्श रानाचं. हे रान होतं तरी केव्हा?

गॅलिलीच्या समुद्राच्या काठी ओहालो नावाची एक जागा आहे. १९८९ साली दुष्काळाने पाणी खाली गेलं आणि तळातून जुन्या झोपड्या वर आल्या. त्या सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या. तिथे रानगहू, रानसातू, रानओट यांचे जळके दाणे सापडले. आणि त्यांच्यासोबत अशाही वनस्पती सापडल्या, ज्या आज शेतातलं तण म्हणून ओळखल्या जातात. २०१५ साली संशोधकांनी याचा अर्थ लावला की ही माणसं थोडंफार पेरून बघत असावीत. तो अर्थ सगळ्यांना मान्य असो वा नसो, इतकं नक्की की पक्की शेती सुरू होण्याच्या दहा हजारांहून अधिक वर्षं आधी माणूस या गवतांत वावरत होता, त्यांचे दाणे ओरबाडत होता, काही घरी नेत होता, काही वाटेत सांडत होता.

आणि ते दाणे काही थोडेथोडके नव्हते. जॅक हार्लन नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९६६ साली आग्नेय तुर्कस्तानात गेले, गारगोटीचं पातं बसवलेला विळा हातात घेतला आणि डोंगरावरचा रानगहू कापून बघितला. हा एमर नव्हे, एकदाणी गहू, ज्याला आइनकॉर्न म्हणतात. तासाभरात किलोभराच्या आसपास स्वच्छ दाणे मिळाले. त्यांनी हिशेब केला की एखाद्या कुटुंबाने तीन आठवडे कापणी केली तर वर्षभर खाऊन उरेल. अशा पिकाच्या जागी माणूस दरवर्षी परत जाणारच. जिथे तो परत जातो तिथली माती तुडवली जाते, झुडपं तोडली जातात, राख पडते, बी सांडतं. त्या गवताचं पुढचं आयुष्य माणसाने न ठरवताही बदलतं.

मग शेती आली. तीही एका रात्रीत नाही. आधी असा हिशेब मांडला गेला होता की कापणी-पेरणी सुरू झाली की शे-दोनशे वर्षांत न गळणारी ओंबी सगळीकडे पसरेल. पण उत्खननातले दाणे वेगळं सांगतात. न गळणाऱ्या ओंब्या वाढत जायला दोन-तीन हजार वर्षं लागली. म्हणजे तितकी वर्षं शेतात गळणारे आणि न गळणारे गहू एकत्र उभे होते, आणि शेजारच्या उतारावर त्यांचीच भावंडं होती. बी कमी पडलं तर माणसं पुन्हा रानातून आणत असतील, हे समजायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. ज्याने शेजारून मूठभर बी उसनं आणलेलं बघितलं आहे त्याला ते समजतं.

याचा जनुकांवर काय परिणाम झाला? २००७ साली आइनकॉर्नवर एक मोठा अभ्यास झाला. रानातले ३२१ नमुने, शेतातले ९२, आणि जनुकांच्या १८ जागा तपासल्या. शेतीत आल्यामुळे या गव्हाची विविधता घटलेली त्यांना आढळली नाही. "शेती आली की विविधता मेली" म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. एमरच्या आणि आपल्या पोळीच्या गव्हाच्या बाबतीत मात्र घट झाली, ती मी नाकारत नाही. पण मग नियम कसला? प्रत्येक गवताची कहाणी वेगळी आहे, आणि आपल्याला एका वाक्यात आटपायची घाई आहे.

आता पोळीच्या गव्हाबद्दल एक गोष्ट सांगते, ती मला फार आवडते. पोळीचा गहू जगात कुठेही जंगली सापडत नाही. कारण तो रानात जन्मलाच नाही. शेतात एमर पेरलेला होता आणि शेताच्या कडेला एक रानगवत उगवलं होतं, त्याला एजिलॉप्स म्हणतात. या दोघांचा संकर आपोआप झाला, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे, आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी. एमरची गुणसूत्रं २८, त्या गवताची १४, बेरीज ४२. आज जगातले कोट्यवधी लोक जे खातात ते शेत आणि बांध यांच्या सोयरिकीतून आलं आहे. बांधावरचं ते गवत कुणी 'तण' म्हणून उपटून टाकलं असतं तर?

ही ये-जा एकाच दिशेची नव्हती. शेतातल्या पिकाचा परागही रानात गेला. इस्राएल आणि आसपासच्या प्रदेशातला रानगहू आणि रानसातू तपासला, तर अनेक ठिकाणी त्यांच्यात लागवडीच्या वाणांचे अंश सापडतात. सातूची गोष्ट तर मजेदार आहे. तिबेटमधून आलेल्या बियाण्यात १९३८ साली एक सहा ओळींचा, आपोआप गळणारा सातू सापडला. लोकांना वाटलं, हाच मूळ पुरुष! त्यावरून तिबेट हे सातूचं माहेर असल्याचे सिद्धांत मांडले गेले. २०१८ साली जनुकं तपासली तेव्हा कळलं की तो पूर्वज नाहीच. लागवडीचा सातू आणि दुसरा सातू यांच्या संकरातून निघालेली ती संतती. आपण ज्याला पणजोबा म्हणून नमस्कार करत होतो तो नातू निघाला.

आणि हे सगळं तिकडचंच आहे असं समजू नका. न पेरता पाणथळीत उगवणाऱ्या रानभाताला आपल्याकडे देवभात म्हणतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, त्या व्रताला तो चालतो. संस्कृतात रानभाताला नीवार म्हणतात. ते मुनींचं अन्न, शाकुंतलातल्या आश्रमाच्या वर्णनात ते येतं. १९६५ साली शर्मा आणि शास्त्री या आपल्याच शास्त्रज्ञांनी एका रानभाताला शास्त्रीय नाव देताना 'निवारा' हेच नाव दिलं. याहून सोवळं धान्य कोणतं असणार? पण २०१७ साली आशियातल्या रानभातांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याचा निष्कर्ष असा की रानभातात लागवडीच्या भाताची जनुकं मोठ्या प्रमाणावर मिसळली आहेत. काही 'रानभात' तर शेतातून पळालेला भातच आहे. मुनींच्या ताटातही कुणा शेतकऱ्याचा वाटा होता म्हणायचा!

यामुळे त्या नीवाराची किंमत कमी होते का? मुळीच नाही. १९७० च्या दशकात आग्नेय आशियात भातावर खुजेपणाचा एक विषाणू आला, तेव्हा त्याला तोंड देणारा गुण फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संस्थेला उत्तर प्रदेशातल्या नीवारातच सापडला. हजारो वाण तपासून झाले होते. तो नीवार शंभर टक्के शुद्ध होता की नव्हता, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही.

आता तणाबद्दल, कारण या विषयात तणावर सर्वांत जास्त अन्याय होतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं की राय हे धान्य गव्हा-सातूच्या शेतातलं तण होतं. शेतकरी गहू घेऊन थंड डोंगराळ मुलखात वर वर सरकला. तिथे गहू कुडकुडला आणि तण तरारलं. शेवटी शेतकऱ्याने तणालाच पीक मानलं. ओटचंही तसंच. हल्ली तुम्ही सकाळी वाटीभर ओट खाऊन आरोग्याची काळजी घेता ना, ते एके काळचं उपटून टाकायचं गवत आहे.

आणि ही निवड केली कुणी? पुस्तकं 'मानवाने' म्हणतात. मी म्हणते, निंदणी करणाऱ्या बाईने. चीनमधे यांगत्सी नदीच्या खोऱ्यात भातात एक सावागवत उगवतं. मुळात ते पसरट, बुंध्याशी लालसर. बाई वाकून निंदत जाणार, जे वेगळं दिसेल ते उपटणार. जे भातासारखं सरळ आणि हिरवं दिसेल ते चुकून राहणार. असं पिढ्यानपिढ्या झालं. आज ते गवत रोप असताना हुबेहूब भातासारखं दिसतं. २०१९ साली जनुकांवरून काळ काढला तेव्हा ही नक्कल सुमारे हजार वर्षांपूर्वीची निघाली. कुणाचीही इच्छा नसताना, केवळ नजर आणि खुरपं यांनी एका रानगवताचं रूप बदललं. शेतीने फक्त पिकं घडवली असं म्हणणाऱ्यांनी या गवताला काय म्हणायचं ते सांगावं.

इथे माझा एक चतुर भाचा मला अडवतो. तो म्हणतो, "आत्या, मग तुझ्याच म्हणण्याप्रमाणे रान शुद्ध कधी नव्हतंच, तर आता बिघडलं तर रडायचं कशाला? माणूस पूर्वीपासून हेच करतोय."

नाही रे बाबा. हेच करत नाही. माझा सगळा वाद इथेच आहे. 'शेती' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. जुन्या शेतीत शेत लहान होतं, शेताला कड होती, कडेला गवत होतं, गवताच्या पलीकडे चराऊ उतार होता. पराग इकडून तिकडे जात होता. खुरपं दर हाताला थोडं वेगळं चालत होतं, दर गावाला बियाणं वेगळं होतं. त्या शेतीने रानगवताची काही विविधता नक्की कमी केली, पण जुनं-नवं मिसळत राहायला जागाही ठेवली. आताच्या शेतीत कडच नाही. बांध कोरून कोरून विळ्याच्या पात्याइतका उरला आहे आणि त्यावरही तणनाशक. खुरपं करत होतं ते काम आता एकच औषध करतं आणि एकाच दिशेने करतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पंजाब-हरियाणात गव्हातलं एक गवत तिथल्या नेहमीच्या तणनाशकाला दाद देईनासं झालं. निवड तर आजही चालूच आहे, पण एकाच गुणाची. बाकीचं सगळं मरतं.

तेव्हा शेतीला सरसकट शिव्या घालणाऱ्यांना माझं सांगणं, की तुमच्या शिव्या चुकीच्या पत्त्यावर जातात. तुम्ही दहा हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला आरोपी करता आणि काल बांध कोरणारा सुटतो.

राहिलं तिसरं वाक्य, बँकेचं. बियाण्याच्या बँकांबद्दल मला आदर आहे. वाविलोव स्टालिनच्या तुरुंगात १९४३ साली उपासमारीने गेले. लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांच्या संस्थेतली माणसं धान्याच्या पोत्यांशेजारी भुकेने मेली, पण त्यांनी बियाण्याला हात लावला नाही. हे वाचून डोळ्यांत पाणी येतं. सीरियात अलेप्पोजवळ अशीच एक मोठी बँक होती, रानगहू आणि रानसातूंची. युद्धामुळे २०१२ साली संशोधकांना ती जागा सोडावी लागली. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावर बियाण्याच्या प्रती ठेवलेल्या होत्या म्हणून २०१५ साली त्या परत मागवून लेबनॉन आणि मोरोक्कोत पुन्हा पेरता आल्या. बँक नसती तर काय झालं असतं?

पण बँकेत बी झोपलेलं असतं. रान झोपत नाही. इस्राएलमधे रानगव्हाच्या आणि रानसातूच्या प्रत्येकी दहा वस्त्यांतून १९८० साली बी गोळा केलं होतं. २००८ साली त्याच जागी पुन्हा गोळा केलं आणि दोन्ही शेजारी पेरून बघितलं. अठ्ठावीस वर्षांत फुलोरा सरासरी आठ ते अकरा दिवस अलीकडे आला होता. हवा तापत गेली, गवत बदललं. बँकेतलं बी मात्र १९८० सालातच राहिलं होतं. त्याच अभ्यासात बऱ्याच वस्त्यांची विविधता घटल्याचंही दिसलं. म्हणजे बदलण्याचं काम उतारावरच चालतं आणि उतार गेला की ते थांबतं. फोटोंचा अल्बम घरात आहे म्हणून माणसं गेली तरी चालतील असं आपण म्हणतो का?

रानगव्हातला एक गुण सांगते. पोळीच्या बहुतेक गव्हांत प्रथिनं, लोह आणि जस्त दाण्यात पोचवणारं एक जनुक निकामी झालं आहे. ते शाबूत कुठे सापडलं? रानातल्या एमरमधे. २००६ साली ते नेमकं हाती लागलं. आपण हजारो वर्षांत जे वाटेत कुठेतरी गमावलं, ते शेजाऱ्याने सांभाळून ठेवलं होतं. हे शेजारी घुंगट घेऊन बसलेले शुद्ध आदिवासी देव नाहीत. ते आपल्यासोबत राहून बदललेले, आपलं थोडं घेऊन आपल्याला थोडं देणारे शेजारी आहेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. रानगवताची पूजा नको आणि त्याला 'पडीक', 'तण' म्हणून हाकलणंही नको. देवभात उगवतो त्या तळ्याच्या काठाला भराव घालताना, गायरान 'रिकामी जागा' म्हणून कुणाला देऊन टाकताना, बांध नांगराखाली घेताना एवढं आठवा, की आपल्या ताटातला गहू अशाच एका कडेला जन्मला. राखायची आहे ती ही कड. शुद्ध रान राखायला निघालात तर ते सापडणारच नाही, आणि शोधत बसाल तोवर कडही गेलेली असेल.

बरंच लांबलं. सवय जात नाही. भाच्याने उत्तर लिहायचं कबूल केलं आहे, बघू या. तुमच्या गावच्या बांधावर, तळ्याकाठी कोणती गवतं होती आणि आता आहेत का, तेही लिहा. गावातली नावंच लिहा, शास्त्रीय नावांची काही गरज नाही.